विचाराधीन कुत्रा

गचका बसला आणि माझी भरजरी टोपी थेट नाकावर आली. टोपी सारून बघतो तर रथ डावीकडे कललेला, केशरी माझ्या अंगावर आलेली, आणि पुढे दोर ओढणारे पुतणे एकमेकांवर आदळून उभे. धिमे ढोल वाजवणाऱ्यांचे हात वरच्या वर राहिले. डावं चाक खड्ड्यात गेलं होतं. हा खड्डा माझ्या चांगल्या ओळखीचा. आमच्या पाटणात नळाच्या पाण्यासाठी रस्ते खणतात आणि पाणी येतं टँकरने, त्यामुळे खड्ड्यांचा आणि पाण्याचा एकमेकांशी काही संबंध असेल असं आता आळीत कोणी मानत नाही. काल मुद्दाम आजच्यासाठी तो बुजवून घेतला होता. सकाळी पाइपवाले आले, त्यांनी तो तितक्याच मनापासून पुन्हा उकरला, वर फळी टाकली, फळीवर माती पसरली आणि चहाला गेले. "अहो, हाताची घडी काय घालून बसलाय, मला धरा की," केशरी म्हणाली. मी धरलं. एवढ्या वर्षांच्या संसारात भर रस्त्यात बायकोला धरायची ही पहिलीच वेळ, आणि तीही अख्ख्या आळीच्या देखत. खिडक्याखिडक्यांतून बायका वाकून बघत होत्या. कोणीतरी फोनवर चित्रण करायला लागलं होतं.

सत्त्याहत्तर वर्षं, सात महिने, सात दिवस आणि वर काही घटका-पळं भरली की आम्हा नेवारांत, म्हणजे या डोंगरांमधल्या खोऱ्यातल्या जुन्या रहिवाशांत, माणसाचा देव करतात. त्यासाठी काही लायकी लागते असं नाही, नुसतं जिवंत राहिलं की पुरतं. बायकोसकट त्याला लाकडी रथात बसवतात, मुलं-पुतणे दोर ओढतात, सुना लाह्या-फुलं उधळतात, आणि आळीला प्रदक्षिणा घालून पुन्हा दारात आणतात. वाटेत जो तो पाया पडून आशीर्वाद मागतो, कारण आज म्हाताऱ्याच्या तोंडून निघेल ते खरं होतं. नियम फक्त दोन. दारात परत येईपर्यंत देवाचा पाय जमिनीला लागता कामा नये, आणि रथ मागे जाता कामा नये. तर मी, दीर्घमान अमात्य, आधी पत्रकार, मग राजदूत, मग विद्वान, असा तिरपा होऊन देवपणाला बसलो होतो. निमंत्रणपत्रिकेवर हे तिन्ही हुद्दे छापलेत, याच क्रमाने, केशरीच्या हट्टापायी. मी म्हटलं होतं, नुसतं नाव पुरे. ती म्हणाली, नाव तर प्रत्येकालाच असतं.

"मागे घ्या ना थोडा," आशाकाजी ओरडला. आशाकाजी माझा शाळेतला सोबती, चौकात त्याचं कापडाचं दुकान आहे, आणि दुसऱ्याचा पाय कुठेही अडकला की पहिला सल्ला त्याचाच असतो. "वीतभर मागे घेतला की सुटतंय चाक." आमचे पुरोहित बेखारत्न गुरुजूंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो दोन पावलं स्वतःच मागे गेला. "रथ मागे जात नाही, साहुजी," गुरुजू म्हणाले. "कुठे लिहिलंय पण तसं?" "यांनीच लिहिलंय," म्हणून गुरुजूंनी माझ्याकडे बोट दाखवलं. आता हे खरं होतं. निवृत्तीनंतर मी याच रथावर एक प्रबंध लिहिला होता, परदेशात छापून आला, जाड कागदावर, भरपूर तळटिपांसह. रथ मागे नेत नाहीत ही प्रथा मल्ल राजांच्या काळातली असावी असे मानण्यास जागा आहे, तथापि ती नंतरची असण्याची शक्यताही नाकारता येत नाही, असं मी त्यात म्हटलंय. गुरुजूंनी तो नातवाकडून वाचून घेतला होता. मग एकदा देवळाच्या पायरीवर मला गाठून म्हणाले होते, "राजदूतसाहेब, तुम्ही रथ पुष्कळ पानं ओढलात, पण तो होता तिथेच आहे." मी त्यांच्या निरीक्षणाबद्दल आभार मानले होते. आता त्यांनी विचारलं, "काय साहेब, मागे न्यावा की नाही? शास्त्र काय म्हणतं?" मी तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "दोन्ही मतप्रवाह आढळतात." पुतण्यांनी दोर खाली टाकले. "घ्या," केशरी माझ्या कानात म्हणाली, "आता बसा इथेच, दोन्ही प्रवाहांच्या मधोमध."

ती रथावर चिडलेली नव्हती. तिचा राग कालचा होता. काल दुपारी आम्ही गच्चीवर उन्हात बसलो होतो. पौषातलं ऊन, पुढ्यात संत्री, केशरी पलीकडे मुळ्याचे काप वाळत घालत होती. प्रज्वल संत्रं सोलत होता. प्रज्वल आमचा एकुलता एक मुलगा, माझ्याबरोबर बारा वर्षांचा असताना ब्रसेल्सला आला, माझी मुदत संपली तेव्हा शिकायला म्हणून तिथेच राहिला आणि मग राहूनच गेला. तिथे तो लिफ्ट दुरुस्त करतो. तिथलीच एक मुलगी केली होती, आन्नेलीस, चांगली उंच, हसरी. चार वर्षांपूर्वी दोघांनी अगदी गोडीगुलाबीने काडीमोड घेतला, आणि आम्हाला ते कळवलं ते असं, की तिचा पत्ता बदललाय. तर तो संत्रं सोलता सोलता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "बा, मी परत येऊ का? कायमचा? इथेही आता लिफ्टा पुष्कळ झाल्यात." माझ्या तोंडात संत्र्याची बी होती. ती मी गिळली. आणि मग मी म्हणालो, माझ्या आवाजात, माझ्या गच्चीवर, माझ्या मुलाला म्हणालो, "या प्रश्नाला अनेक बाजू आहेत. तुझ्या भावनेचं मी स्वागत करतो." प्रज्वल हसला नाही, रागावलाही नाही. त्याने सालं नीट गोळा केली, "बरं," म्हणाला आणि खाली निघून गेला. परवाच्या विमानाचं त्याचं तिकीट काढलेलंच होतं.

केशरीच्या हातातला मुळा तसाच राहिला. "स्वागत करतो? पोटच्या पोराला स्वागत करतो म्हणालात? तो काय शिष्टमंडळ आहे?" मी म्हटलं, एकदम हो म्हणायचं आणि उद्या त्याला इथे धूळ, टँकर, लोकांच्या चौकशा सोसवल्या नाहीत तर? माझ्या हट्टापायी तो अडकला असं व्हायला नको. "तुमचा हट्ट? तुम्ही जन्मात हट्ट केलाय कधी?" ती उठून माझ्यासमोर येऊन उभी राहिली, ओले हात पदराला पुसत. "हे बघा. उद्या रथातून उतरायच्या आत त्याला सांगायचं, ये. एकच शब्द आहे, फार मोठा नाही. मी सांगू शकते, पण मी सांगितलं की ते आईचं रडणं होतं, त्याला काही किंमत नसते. त्याला तुमच्या तोंडून पाहिजे. आणि नाही सांगितलंत तर विमानतळावर मी येणार नाही. तुम्ही एकटेच जा आणि त्याच्या भावनेला निरोप द्या." मला तो हवा होता हो. सकाळी चहाला समोर कोणी बसावं, माझा चष्मा कुठे ठेवलाय ते सांगावं, माझ्याशी भांडावं, यापलीकडे मला आता जगाकडून काहीही नको. पण हे मनात जसं सरळ येतं तसं तोंडाशी येईपर्यंत त्याला कोट चढतो, टाय लागतो आणि ते निवेदन होऊन बाहेर पडतं.

याची सुरुवात फ्लॉवरपासून झाली. रथ असा तिरपा झाला तेव्हा मला आधी त्या वेळची पोलिसांची जीप आठवली, कारण तीही अशीच एका अंगाला कलून चालायची. मी तेव्हा तिशीच्या आतला, एका चार पानी साप्ताहिकाचा संपादक, वार्ताहर आणि घड्या घालणारा. पक्षांना बंदी असलेला काळ. कोणीच काही सरळ लिहीत नसे. राजावर लिहायचं असलं की उन्हाळ्यावर लिहायचं, मंत्र्यावर लिहायचं असलं की एखाद्या जुन्या वडाच्या झाडावर. वाचकही तरबेज झाले होते, चहाच्या दुकानात अग्रलेख ओळीओळीने सोलून खात. त्या आठवड्यात मला सुचलं काहीच नव्हतं. केशरी बाजारातून आली ती फ्लॉवरच्या भावावरून तणतणत, म्हणून मी फ्लॉवरवर लिहिलं. फ्लॉवर महाग झालाय, आतून किडलेला निघतो, वरून मात्र पांढराशुभ्र दिसतो, आणि गिऱ्हाइकाने किती दिवस सोसायचं. बस. शपथेवर सांगतो, त्यात फ्लॉवरखेरीज काही नव्हतं. अंक निघाला आणि संध्याकाळपर्यंत एकही प्रत शिल्लक राहिली नाही. लोक रस्त्यात माझा हात दाबून जायला लागले. तिसऱ्या दिवशी ती कललेली जीप आली आणि मला अंचलाधीशापुढे घेऊन गेली. अंचलाधीश म्हणजे त्या वेळचा आमच्या भागाचा बडा साहेब. त्याने अंक पुढे टाकला आणि विचारलं, "हा फ्लॉवर कोण?" मी म्हटलं, "साहेब, फ्लॉवर म्हणजे फ्लॉवर." तो म्हणाला, "मला मूर्ख समजतोस?" मी म्हटलं, "नाही हो, भाजीतला फ्लॉवर. बटाट्याबरोबर करतात." त्याला वाटलं आता मी बटाट्यालाही यात ओढतोय. मला आत टाकलं.

आतून सुटलो तो शूर पत्रकार म्हणून. हारतुरे झाले. कोणी म्हणालं, फ्लॉवर तो अमका मंत्री, कोणी म्हणालं तमका, एका प्राध्यापकाने तर फ्लॉवरच्या पाल्याचाही अर्थ लावला. मी दोन-तीनदा खरं सांगून पाहिलं, तेव्हा लोकांनी डोळे मिचकावले. आणि तेव्हा माझ्या मनाने जे घेतलं ते घेतलंच. उभ्या आयुष्यात मी एकदाच सरळ बोललो, फ्लॉवरला फ्लॉवर म्हणालो, तर तुरुंगात गेलो. त्यानंतर मी तसला धोका पत्करला नाही. पुढे काळ बदलला, पक्ष आले, आणि ज्यांनी माझ्या फ्लॉवरचा अर्थ लावला होता तेच सत्तेवर बसले. अशा धाडसी माणसाला देशाबाहेर पाठवणं सगळ्यांच्याच सोयीचं होतं. मी राजदूत झालो. भाजीच्या भावावर राजदूत झालेला जगात मी एकटाच असेन.

"आशीर्वाद द्या काका," खालून आवाज आला. रथ अडकलाय म्हटल्यावर लोकांनी ती सोयच करून घेतली, रांग लावली. समोर आळीतला तुयू होता, भावाशी विहिरीवरून खटला चालू असलेला. "खटला माझ्या बाजूने लागू दे म्हणा." त्याचा भाऊ रांगेत त्याच्या मागेच उभा. मी दोघांकडे पाहिलं आणि हात वर करून म्हणालो, "उभय पक्षांना समाधानकारक असा तोडगा निघो." तुयूचं तोंड उतरलं. "म्हणजे कोण जिंकणार?" तो गुरुजूंना विचारायला लागला. मग एक सून आली, तिला मुलगी हवी होती, तिच्या सासूला मुलगा. मी म्हणालो, "अपेक्षित परिणाम यथावकाश साध्य होवोत." सासू-सून दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या. "साहेब," गुरुजू रथाच्या कठड्याशी येऊन हळूच म्हणाले, "आशीर्वाद द्या. निवेदन नको. आज तुम्ही देव आहात, देवाला इतकं जपून बोलावं लागत नाही." केशरी पुटपुटली, "देव बदलून मिळत असेल तर बघा, गुरुजू." आणि दोर सोडून बाजूला उभा असलेला प्रज्वल हसला. माझ्याकडे बघून नाही, आईकडे बघून. हसताना त्याची मान एका बाजूला जाते, लहानपणापासून. ती मान बघितली आणि मी ब्रसेल्सच्या आमच्या जेवणघरात जाऊन बसलो.

ब्रसेल्समध्ये पाऊस पडत नसे, तो नुसता असे. दूतावास म्हणजे तीन खोल्या, एक गाडी आणि गाडीवरचा झेंडा, जो भिजून कायम काठीला चिकटलेला. तिथे माझी कला फुलली. यजमान देशाचे साहेब विचारत, अमुक ठरावावर तुमच्या सरकारचं काय म्हणणं आहे? माझ्या सरकारचं काहीच म्हणणं नसे, किंवा असलं तरी मला कळवलेलं नसे. मी म्हणायचो, आम्ही या विषयाकडे आस्थेने पाहतो. शेजारच्या देशाचा राजदूत तोच प्रश्न उलटा विचारायचा, त्यालाही मी तेच सांगायचो, आणि दोघेही हस्तांदोलन करून आनंदाने जायचे. एकदा एका मेजवानीत मी तासभर बोललो आणि दुसऱ्या दिवशी तीन देशांनी माझ्या पाठिंब्याबद्दल आभाराची फुलं पाठवली. त्या तिन्ही देशांची आपसांत जुंपलेली होती. केशरीने फुलं फुलदाणीत लावली आणि विचारलं, "तुम्ही पाठिंबा दिलात तरी कुणाला?" मी म्हटलं, ते सांगणं या टप्प्यावर उचित होणार नाही. मला वाटलं होतं ती हसेल.

आणि त्याच जेवणघरात प्रज्वल, नवी शाळा, नवी भाषा, एक मित्र नाही, मान एका बाजूला करून मला म्हणाला होता, "बा, आपण कुत्रा पाळू या?" मी पानावरून मान वर केली आणि म्हणालो, "तुझी सूचना विचाराधीन आहे." त्याला तो शब्द फार आवडला. त्याने केशरीला जाऊन सांगितलं, कुत्रा विचाराधीन आहे! त्याला वाटलं ती कुत्र्याची काहीतरी पहिली पायरी असते. तो दर रविवारी विचारी, कुठवर आलंय? मी म्हणायचो, संबंधितांशी चर्चा चालू आहे. त्याने कुत्र्याचं नावही ठरवून ठेवलं होतं, खिचा, आमच्या भाषेत कुत्र्यालाच खिचा म्हणतात, म्हणजे कुत्र्याचं नाव कुत्रा. का रे, म्हटलं, असं का? तर म्हणाला, इथे कोणालाच कळणार नाही ना, आपल्यालाच कळेल. पण घरमालकाची परवानगी, केसांची ऍलर्जी, परतताना कुत्र्याचं काय करायचं, अशा सगळ्या बाजू मी तपासत राहिलो. मला कुत्र्याला नाही म्हणायचं नव्हतं हो, आणि हो म्हणायची हिंमत नव्हती. मुदत संपेपर्यंत कुत्रा विचाराधीनच होता. शेवटच्या वर्षी त्याने विचारायचं सोडून दिलं, आणि मला, खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं.

"बा, जरा उजवीकडे सरका." मी दचकलो. प्रज्वल खड्ड्यात उतरला होता. कोट काढून पुतण्याच्या हातात दिलेला, पांढऱ्या सदऱ्यावर चिखल, आणि खांदा रथाच्या आसाखाली. "मां, तूसुद्धा. सगळं वजन या चाकावर आलंय." केशरी सरकली, मी सरकलो, दोघं कठड्याला चेपून बसलो. "लिफ्टवाल्याला येतं ना हे?" एक पुतण्या म्हणाला. "लिफ्टमध्ये बटण असतं रे. ओढा तो दोर, मी वर उचलतो." त्यांनी ओढलं, त्याने उचललं, रथ चारदोन बोटं वर आला आणि पुन्हा धप्पकन खाली बसला. फळी मोडली. प्रज्वल आणखी खाली गेला. आता त्याचं डोकं माझ्या पायांच्या पातळीला होतं, आणि वरून मला दिसलं की त्याच्या टाळूवरचे केस विरळ झालेत. हे मला कोणी कळवलं नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे बारा वर्षांचाच होता तो, इतका वेळ.

"काय रे प्रज्वल, जाणार कधी तू?" आशाकाजीने काठावरून विचारलं. हात कमरेवर, मदत शून्य. "परवा, काका." "परवा! आणि पुन्हा कधी?" "बघू. दोनतीन वर्षांनी." "मग आत्ताच नीट बघून घे बापाला. पुढच्या खेपेला येशील तेव्हा रथ नसेल, आणि हा बसलेला नसेल, आडवा असेल." हे तो हसत म्हणाला आणि सगळे हसलेही, आमच्याकडे असं बोललेलं चालतं. पण हसू मध्येच विरलं. प्रज्वल हसला नव्हता. तो आसाखाली मान घालून चिखलाकडे बघत होता. केशरीने माझं मनगट धरलं. तिच्या बोटांत बांगड्या चढवताना असते तेवढी ताकद होती.

"प्रज्वल," मी म्हणालो. देव बोलला म्हणून सगळ्यांनी वर पाहिलं. तुयूने हात जोडले, त्याला वाटलं खटल्याचं काहीतरी. प्रज्वलने मान वर केली, कपाळावर चिखलाचा पट्टा. माझ्या घशाशी शब्द आले, आणि खोटं कशाला सांगू, सगळे जुनेच आले, ओळीत उभे राहून, टाय लावून. "यासंदर्भात," मी म्हणालो, आणि केशरीने मला असा चिमटा काढला की मी अर्धा उठलोच. गुरुजू ओरडले, "पाय! पाय खाली नको!" मी पाय वर घेतले, तोल गेला, टोपी पुन्हा नाकावर आली. आणि टोपीच्या आतून, काही दिसत नसताना, मी ओरडलो, "जाऊ नकोस!"

मी टोपी काढली आणि खड्ड्यात टाकली. "जाऊ नकोस रे. परत ये. कायमचा ये. टँकरचं पाणी आहे, धूळ आहे, आशाकाजी आहे, सगळं आहे तसंच आहे, तरी ये. मला तू इथे हवायस. मला हवायस म्हणून ये, दुसरं काही कारण नाही." एवढं बोलल्यावर मला धाप लागली. आता जीप येईल असं मला खरोखरच वाटलं. जीप आली नाही. आशाकाजी नाक पुसत होता. "झालं," बेखारत्न गुरुजू म्हणाले, आणि आज प्रथमच त्यांचा आवाज जरा मऊ होता, "देव बोलला. आता यात बदल नाही."

प्रज्वल तसाच आसाला खांदा लावून उभा. त्याचा चिखलाचा हात वर आला आणि त्याने माझा घोटा धरला, नुसता धरून ठेवला. मी वाट बघत होतो. तिकिटाचं म्हणेल, नोकरीचं म्हणेल, विचार करतो म्हणेल, आणि विचार करतो म्हणाला असता तर मी कुठल्या तोंडाने रागावलो असतो? मग त्याची मान हळूच एका बाजूला गेली.

"आणि कुत्रा?" तो म्हणाला.

"कुत्रा मंजूर," मी म्हणालो, आणि मला रडू फुटलं. देवाने रडायचं की नाही याबद्दल शास्त्रात काही आहे का ते मला ठाऊक नाही, माझ्या प्रबंधात तरी नाही. बायकांनी घाईघाईने लाह्या उधळल्या, धिमेवाल्यांना वाटलं रथ सुटला, त्यांनी वाजवायला सुरुवात केली, आणि त्या आवाजात केशरी खड्ड्यात वाकून पोराला ओरडून सांगत होती की कुत्रा गच्चीवर राहील, देवघरात आलेला तिला चालणार नाही.